स्लॅबला तडे का जातात? कोकण किनाऱ्यावरील ऊन, पाऊस आणि काँक्रीट

तापमानाच्या चढउतारांमुळे काँक्रीट कसे खराब होते, याविषयी जे वाचायला मिळते त्यातले बरेचसे थंड देशांतले असते. तिथे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठते, गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने काँक्रीट आतून फुटत जाते. म्हणून तिथल्या मिश्रणात मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे ठेवले जातात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय समुद्र शेजारी असल्यामुळे हवामानही सम असते. रत्नागिरीत मे महिन्यात दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास आणि पहाटेचे २६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे फरक जेमतेम सात अंशांचा. तेव्हा तापमानाने काँक्रीट तडकण्याचा प्रश्न विदर्भातला, आपला नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावरच्या गावागावांत स्लॅबच्या खाली भिंतीवर आडव्या भेगा दिसतात, गच्चीच्या कठड्याला उभे तडे गेलेले असतात आणि दहा-पंधरा वर्षांतच छताचे पोपडे सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडतात. दोष बहुतेक वेळा सिमेंटला किंवा गवंड्याला दिला जातो. तो कधी कधी खराही असतो, पण तापमानाचा वाटा समजून घेतल्याशिवाय या नुकसानीचा उलगडा पुरता होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हवेचे तापमान आणि स्लॅबचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवाळ वाळून काळपट झालेली उघडी गच्ची उन्हाळ्याच्या दुपारी सहज ५५ ते ६० अंशांपर्यंत तापते, कारण ती सूर्याची किरणे थेट शोषून घेत असते. रात्री आकाश निरभ्र असेल तर तीच गच्ची आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते आणि तिचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. म्हणूनच थंडीच्या दिवसांत पहाटे गच्चीवर दव साचलेले दिसते. हवेत फरक सात अंशांचा असला, तरी गच्चीच्या पृष्ठभागाने त्याच चोवीस तासांत तीसहून अधिक अंशांचा प्रवास केलेला असतो. शिवाय दिवसरात्रीच्या हवेतला फरक किनाऱ्यावर उन्हाळ्यापेक्षा डिसेंबर ते फेब्रुवारीत जास्त असतो. दुपारी ३१ अंश आणि पहाटे १९ अंश हे त्या दिवसांत रत्नागिरीकडे नेहमीचे आहे. उन्हाळा संपला म्हणजे स्लॅबचा ताण संपला, असे होत नाही.

तापले की काँक्रीट प्रसरण पावते. किती, हे प्रामुख्याने त्यातल्या खडीवर अवलंबून असते, कारण काँक्रीटचा बहुतांश भाग खडी आणि वाळूचाच असतो. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे, बेसॉल्टची म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या दगडाची खडी वापरलेले काँक्रीट एका अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांश भागाच्या ०.८ ते ०.९५ पट इतके वाढते. क्वार्टझाइट या गारेसारख्या कठीण दगडाच्या खडीचे काँक्रीट १.२ ते १.३ पट वाढते. दक्षिण कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, काळ्या दगडाखेरीज क्वार्टझाइटही आढळतो, त्यामुळे खडी कोणत्या खाणीची हा प्रश्न तिथे केवळ दराचा राहत नाही. बेसॉल्टचा हिशेब धरला तर १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांच्या फरकाने सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांब होतो आणि रात्री तितकाच आखडतो. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण ज्या भिंतीवर स्लॅब टेकलेला आहे ती भिंत मात्र सावलीत असते, जागची फारशी हलत नाही.

या पावणेतीन मिलिमीटरांचे काय होते ते कोणत्याही जुन्या चिरेबंदी घराच्या वरच्या खोलीत जाऊन पाहता येते. छत आणि भिंत जिथे मिळतात त्याच्या किंचित खाली, गिलाव्यावर, केसासारखी बारीक आडवी भेग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली असते. ती खोलीच्या मध्यापेक्षा इमारतीच्या कोपऱ्यांकडे जास्त ठळक असते, कारण स्लॅब मध्यापासून दोन्ही बाजूंना सरकतो आणि सर्वांत जास्त सरकणे टोकांना घडते. पश्चिमेच्या खोलीत, जिथे दुपारनंतरचे ऊन पडते, तिथे ती अधिक रुंद असते. बाहेरच्या बाजूला याच भेगेतून पावसाळ्यात पाणी आत येते आणि मालक गच्ची गळते असे समजून वर पुन्हा कोबा करून घेतात. गच्चीच्या वजनात भर पडते, गळती मात्र तशीच राहते.

हे टाळण्याची युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. भिंतीच्या माथ्यावर, जिथे स्लॅब टेकणार आहे तिथे, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून त्यावर चुन्याचा जाड हात द्यायचा किंवा जाड कागद अंथरायचा आणि मग वर स्लॅब ओतायचा. त्यामुळे स्लॅब भिंतीला चिकटत नाही, तिच्यावरून किंचित घसरू शकतो. सरकारी बांधकामांच्या तपशिलांत हे काम वर्षानुवर्षे लिहिलेले असते, खासगी घरांत मात्र ते क्वचितच होते. दोन दिवसांच्या मजुरीची ही बचत पुढे दर पावसाळ्यात मोजावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्लॅबला अजिबात हलू दिले नाही, तर काय होते? मग लांबी वाढत नाही, पण ताण वाढतो. एम २५ दर्जाच्या, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर २५ न्यूटन दाब पेलणाऱ्या, काँक्रीटचा हिशेब आयएस ४५६ मधल्या सूत्रांनी करता येतो. पूर्णपणे जखडलेले असे काँक्रीट २० अंशांनी थंड झाले, तर त्यात प्रति चौरस मिलिमीटर सुमारे साडेचार न्यूटन इतका ओढ देणारा ताण निर्माण होतो. आणि वाकताना तडा जाण्यापूर्वी ते सोसू शकते तो ताण साडेतीन न्यूटनांचा. म्हणजे कोणतेही वजन न ठेवता, केवळ थंड होण्याने ते तडकू शकते. प्रत्यक्षात कोणताही स्लॅब शंभर टक्के जखडलेला नसतो आणि काँक्रीटला सावकाश ताणले तर ते थोडेसे सैल होऊन ताण जिरवते, म्हणून दररोज तडे जात नाहीत. ऋतुमानाप्रमाणे महिनोन्‌महिने होणारा बदल काँक्रीट बऱ्यापैकी पचवते. घात होतो तो अचानक बदलाने. मे महिन्याच्या दुपारी गच्ची ६० अंशांवर असताना वळवाचा पाऊस कोसळला, की वरचा थर काही मिनिटांत तीसएक अंशांनी थंड होतो आणि आखडू पाहतो, तर त्याखालचे काँक्रीट अजून तापलेले असल्याने त्याला आखडू देत नाही. गच्चीवर जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात त्यांपैकी बऱ्याच अशा धक्क्यांनी वाढलेल्या असतात.

एका धक्क्याने काही बिघडत नाही. परंतु दररोज एक आवर्तन धरले तर तीस वर्षांत जवळपास अकरा हजार आवर्तने होतात, आणि पुन्हा पुन्हा ताण सोसणारे काँक्रीट एका खेपेत सोसता येणाऱ्या ताणापेक्षा बऱ्याच कमी ताणाला थकते. आवर्तनांची संख्या फार मोठी झाली तर निम्म्याहून किंचित जास्त ताणही त्याला पुरतो. हा थकवा सुरू होतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. खडी आणि तिला धरून ठेवणारे सिमेंट यांचे प्रसरण सारखे नसते, सिमेंटचे अधिक असते. प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर दोघांमधल्या पातळ थरावर ओढाताण होते. तो थर मुळातच काँक्रीटचा सर्वांत कच्चा आणि सच्छिद्र भाग असतो, कारण ओतताना जास्तीचे पाणी खडीच्या अंगाला जमा होते. मिश्रणात पाणी जितके जास्त, तितका हा थर दुबळा. त्यामुळे ‘माल जरा पातळ कर, पटकन पसरेल’ असे सांगितले जाते तेव्हा तापमानाच्या पुढच्या हजारो आवर्तनांसाठी भेगांची जागा तयार करून ठेवली जात असते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उन्हाने आतली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते, असे अनेक जण सांगतात. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या एक लाखांश भागाच्या सुमारे १.२ पट वाढते, म्हणजे काँक्रीटच्या बऱ्यापैकी जवळ. ही जवळीक आहे म्हणूनच आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेले काँक्रीट, हा प्रकार शक्य झाला. सळई काँक्रीट फोडते हे खरे, पण ती उन्हाने फुगून फोडत नाही, गंजून फोडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असू शकते आणि तो दाब कोणतेही काँक्रीट सोसू शकत नाही.

आता कोकणातल्या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण आतले वातावरण तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच साडेबारा ते तेराच्या घरात असतो आणि त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो. समुद्राच्या मिठातले क्लोराइड हा थर ठिकठिकाणी भेदते. एकदा तो भेदला गेला, की पाणी आणि ऑक्सिजन मिळताच गंज सुरू होतो. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचायला एरवी वर्षे लागतात, पण भेग असेल तर ते थेट आत जाते. तापमानाच्या फेऱ्यांनी पडलेली भेग स्लॅबची वजन पेलण्याची ताकद फारशी कमी करत नाही. तिचे खरे नुकसान हे, की ती खाऱ्या पाण्याला वाट करून देते. नागपूरच्या स्लॅबला यापेक्षा मोठे तापमानाचे फेरे सोसावे लागतात, तरी त्याची सळई लवकर गंजत नाही, आणि मालवणच्या स्लॅबची गंजते, याचे कारण हेच आहे.

आणि मिठाचे स्वतःचेही एक दैनंदिन चक्र आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वाऱ्याबरोबर आलेले मीठ भिंतीवर, गच्चीवर आणि बारीक भेगांत साचते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतलेच पाणी ओढून घेऊन विरघळते, आणि आर्द्रता त्याखाली उतरली की पुन्हा त्याचे स्फटिक बनतात. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारी हवा त्या मानाने कोरडी असते आणि तापमान उतरताच रात्री आर्द्रता वाढते, त्यामुळे ही सीमा जवळजवळ रोज दोन्ही दिशांनी ओलांडली जाते. रात्री खारे पाणी छिद्रांत शिरायचे, दुपारी त्याचे स्फटिक बनून छिद्रांच्या कडांवर दाब द्यायचा, असे पाऊस नसतानाही महिनोन्‌महिने चालते. थंड देशात बर्फ जे काम करते त्याच्याशी याचे बरेच साम्य आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा धरू लागते. समुद्रालगतच्या घराच्या भिंती ऐन एप्रिलमध्येही कधी पुरत्या कोरड्या वाटत नाहीत, त्याचे एक कारण इथे सापडते.

या सगळ्याचा सर्वांत कठोर प्रकार पाहायचा असेल, तर एखाद्या बंदराच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी खांब निरखावेत. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटी दुपारच्या सुमारास असेल तर खांबाचा उघडा पडलेला पट्टा उन्हात तापतो, वाळतो. काही तासांनी तोच भाग त्याहून बराच थंड समुद्राच्या पाण्यात बुडतो, आणि वाळलेली छिद्रे ते पाणी अधाशीपणे शोषतात. पुन्हा ओहोटी येते, पाणी उडून जाते, मीठ आतच राहते. म्हणून नेहमी पाण्याखाली असलेला खांबाचा भाग, जिथे ऑक्सिजन कमी मिळतो, बहुधा शाबूत असतो, आणि भरतीच्या रेषेच्या आसपासचा व तिच्या वरचा लाटांचे तुषार उडणारा भाग आधी फुटतो. तिथे सळईच्या रेषेतच उभी भेग दिसते, भेगेच्या तोंडाशी तांबूस डाग असतो आणि हातोडीने हलके ठोकल्यास खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. असा आवाज आला की वरचा थर आतून सुटलेला आहे असे समजावे.

आयएस ४५६ ने ही वाढती तीव्रता ओळखली आहे. किनाऱ्याच्या वातावरणात उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम ३० दर्जा, पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही आणि सळईवर काँक्रीटचे ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. समुद्राचे तुषार उडणाऱ्या भागाला एम ३५ आणि ५० मिलिमीटर, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्याला एम ४० आणि ७५ मिलिमीटर. साध्या घरांसाठी सर्रास वापरला जाणारा एम २० दर्जा आणि २० मिलिमीटरचे आवरण या मानकात सौम्य वातावरणासाठी आहे. समुद्रकिनारा त्यात बसत नाही. आवरणाची जाडी किती मोलाची आहे ते एका हिशेबावरून कळते. क्लोराइड आत झिरपायला लागणारा काळ साधारणपणे आवरणाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आवरण निम्मे केले, तर संरक्षणाचा काळ जवळपास एक चतुर्थांश होतो. कव्हर ब्लॉकऐवजी, म्हणजे सळई ठरावीक उंचीवर धरणाऱ्या ठोकळ्यांऐवजी, सळईखाली खडी सरकवून स्लॅब ओतला, आणि माल ओतताना सळ्यांवरून माणसे चालली, की अनेक ठिकाणी हे आवरण दहा मिलिमीटरही उरत नाही. भेगांच्या रुंदीलाही मर्यादा आहे. एरवी ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालते, अशा तीव्र वातावरणात मात्र ०.१ मिलिमीटरचीच. एवढी भेग साध्या नजरेला जेमतेम दिसते.

काँक्रीटचे पहिले काही दिवस यात निर्णायक असतात. सिमेंट आणि पाणी यांच्या अभिक्रियेत उष्णता निर्माण होते, आणि पुलाच्या पाया-टोपीसारख्या (पायातल्या खुंटांना माथ्यावर बांधणारा ठोकळा) जाड भागांत ती बाहेर पडायला वेळ लागतो. गाभा गरम आणि कडा थंड अशी स्थिती झाली तर कडा तडकतात; म्हणून गाभा आणि पृष्ठभाग यांच्यात २० अंशांहून अधिक फरक पडू देत नाहीत आणि गाभ्याचे तापमान ७० अंशांच्या आत ठेवतात. घराच्या पातळ स्लॅबमध्ये हा धोका नाही, तिथे धोका वाळण्याचा आहे. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ओतलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग आतल्या मालापेक्षा लवकर सुकतो आणि त्याच दिवशी भेगाळतो. बांध घालून पाणी साठवायचे ते यासाठी. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत १० दिवस पाणी मारणे आवश्यक असते. राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) सिमेंट वापरले असेल तर १४ दिवस. क्लोराइड रोखण्यात ही मिश्र सिमेंटे किनाऱ्यावर साध्या सिमेंटपेक्षा सरस ठरतात, परंतु पाण्याची कसर केली तर तो फायदा हातचा जातो. पाणी कुठले हेही पाहावे. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि ते पाणी किंवा न धुतलेली खाडीची वाळू वापरली तर मीठ बाहेरून येण्याची वाटच पाहावी लागत नाही.

मोठ्या बांधकामांत हालचालीला जागा ठेवूनच आराखडा करतात. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ४२४ मीटर लांब आहे. एवढ्या लांबीच्या काँक्रीटच्या तुळईचे सरासरी तापमान वर्षभरात २० अंशांनी बदलले, तर तिची लांबी साडेसात सेंटिमीटरने बदलते, आणि ही हालचाल खांबांवरच्या बेअरिंगनी, म्हणजे तुळईला सरकू देणाऱ्या टेकूंनी, आणि टोकाच्या सांध्यांनी सामावून घ्यायची असते. इमारतींसाठी ४५ मीटरहून अधिक लांबी असल्यास एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे प्रसरणासाठी मोकळा सांधा, सोडावा, असे मानक सांगते. मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर कापलेल्या आडव्या खाचाही याचसाठी आहेत. दुपारी वरची बाजू तापली की प्रत्येक तुकडा निखाऱ्यावर धरलेल्या पापडासारखा वाकू पाहतो आणि पहाटे उलट दिशेला, म्हणून त्याला लहान तुकड्यांत मोकळे ठेवावे लागते.

उभ्या असलेल्या घराच्या मालकाने काय करावे? आधी भेग जिवंत आहे की मेलेली, ते तपासावे. भेगेवर आडवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा लावून तारीख लिहावी आणि काही आठवडे थांबावे. पट्टा तडकला तर भेग अजून हलते आहे. हलणाऱ्या भेगेत सिमेंट भरण्यात अर्थ नाही, कारण सिमेंट ताणले जात नाही आणि पुढच्या उन्हात तीच भेग किंवा तिच्या शेजारी दुसरी उघडते. तिथे खाच कापून पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइडसारखे लवचीक सीलंट भरावे. हे काम पहाटे किंवा गार हवेत, भेग रुंद असताना, आणि खाच पूर्ण कोरडी करूनच करावे. भेगेतून तांबूस ओघळ येत असेल तर प्रश्न गंजापर्यंत गेलेला आहे. तिथे नुसते वरून लिंपल्याने गंज झाकला जातो, थांबत नाही. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई घासून स्वच्छ करून आणि तिची जाडी किती उरली ते इंजिनिअरला दाखवूनच दुरुस्ती करावी.

तापमानाचे फेरे कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गच्चीवर ऊन पडू न देणे. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा चुन्याचा पांढरा हात दिला तरी पृष्ठभागाचे तापमान चांगलेच उतरते. कोकणात स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घालण्याची पद्धत पसरली आहे ती मुख्यतः पावसासाठी, पण बाजू उघड्या ठेवून वारा खेळता राहिला तर त्या पत्र्यांनी स्लॅबला सावली मिळते आणि त्याचा दिवसरात्रीचा फरक हवेच्या फरकाच्या जवळ येतो. सांगाड्याचे पाय बसवण्यासाठी मात्र स्लॅबमध्ये भोके पाडू नयेत, कारण प्रत्येक भोक सळईपर्यंत नवी वाट उघडते. पाय कठड्याच्या बाजूला खांबांच्या डोक्यावर, वेगळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत बसवावेत.